हिवाळ्यापूर्वी लॉनची निगा: काय करावे, केव्हा करावे आणि का

घराभोवतीच्या लॉनची आठवण बहुतेकांना वसंतात होते. थंडी ओसरून गवत हिरवे होऊ लागले, की खताच्या पिशव्या आणि बियाण्याची पाकिटे घरी येतात. पानगळ सुरू झाली, की यंदाचे काम संपले असे समजून गवत कापायचे यंत्र अडगळीत जाते. समशीतोष्ण प्रदेशातील गवताच्या बाबतीत हा क्रम जवळजवळ उलटा असायला हवा. वसंतात दिसणारी दाट हिरवळ ही मुख्यतः आदल्या शरदात वाढलेली मुळे, त्या काळात आलेले नवे फुटवे आणि तेव्हा साठवलेली शर्करा यांच्या जोरावर उभी राहते. त्यामुळे वर्षातून एकाच ऋतूत लॉनसाठी मनापासून वेळ देणे शक्य असेल, तर तो ऋतू पानगळीचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या लेखात महिन्यांची नावे जाणूनबुजून टाळली आहेत. उत्तर गोलार्धात हा काळ साधारणपणे सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि दक्षिण गोलार्धात मार्च ते मे असा असतो. परंतु एकाच गोलार्धातही उंची, समुद्राचे सान्निध्य आणि अक्षांश यांनुसार पहिले गोठणारे दव कित्येक आठवडे मागेपुढे पडते. गवताला दिनदर्शिका कळत नाही, मातीचे तापमान आणि दिवसाची लांबी कळते. मातीत खुपसायचा साधा तापमापक पाच ते सात सेंटीमीटर खोलीवर सकाळी लावून पाहिला, तर कोणते काम करण्याची वेळ आली आहे आणि कोणत्या कामाची निघून गेली आहे, हे तारखेपेक्षा अधिक खात्रीने समजते.

आधी आपले गवत ओळखावे

लॉनसाठी वापरल्या जाणाऱ्या गवतांचे दोन मोठे गट आहेत. पहिला गट थंड हवामानातील गवतांचा: केंटकी ब्लूग्रास, बहुवर्षायू रायग्रास, टॉल फेस्क्यू आणि बारीक पानांचे फेस्क्यू ही त्यातील नेहमीची नावे. यांची पाने साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम वाढतात आणि मुळांना त्याहूनही थोडी थंड माती मानवते. दुसरा गट उष्ण हवामानातील गवतांचा: बर्म्युडा, म्हणजे आपल्या ओळखीची हरळी, झॉयसिया, सेंट ऑगस्टीन वगैरे. यांना २७ ते ३५ अंशांचे ऊन आवडते आणि माती सुमारे १० अंशांपर्यंत थंडावली, की ती वाढ थांबवून पिवळसर तपकिरी पडतात.

हा फरक लक्षात न घेता दिलेला सल्ला निरुपयोगी ठरतो, कधी कधी घातकही ठरतो. शरदात खत घाला, बी टाका, जमिनीला छिद्रे पाडा, हे जे सर्वत्र वाचायला मिळते ते पहिल्या गटासाठी आहे. दुसऱ्या गटाच्या गवताला नेमक्या याच काळात या गोष्टी नको असतात. पुढील विवेचन प्रामुख्याने पहिल्या गटाला धरून आहे आणि दुसऱ्या गटाविषयी नंतर स्वतंत्रपणे सांगितले आहे.

शरदात जमिनीखाली काय घडते

थंड हवामानातील गवत कडक उन्हाळ्यात दमते, याला एक रासायनिक कारण आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडून त्यापासून शर्करा तयार करण्याच्या कामात रुबिस्को नावाचे एक विकर महत्त्वाचे असते. तापमान वाढत गेले, की या विकराच्या हातून कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायू पकडला जाण्याचे प्रमाण वाढते आणि त्या प्रत्येक वेळी वनस्पतीची ऊर्जा वाया जाते. शिवाय उष्ण रात्रींमध्ये श्वसनासाठी अधिक शर्करा खर्ची पडते. म्हणजे उन्हाळ्यात आवक कमी आणि खर्च जास्त अशी घरातल्या जमाखर्चासारखी अवस्था होते, आणि झाड साहजिकच मुळांवरचा खर्च कमी करते. उन्हाळ्याच्या अखेरीस लॉन उपटून पाहिली तर मुळे आखूड आणि विरळ झालेली आढळतात, ती यामुळेच.

शरदात हवा थंडावते, रात्री गार होतात, बाष्पीभवन घटते. माती मात्र हवेपेक्षा सावकाश थंड होत असल्याने कित्येक आठवडे उबदार राहते. ऊन अजून पुरेसे असते. पानांची उंच वाढ मंदावते, पण प्रकाशसंश्लेषण चालूच राहते, आणि उरलेली शर्करा मुळे, आडवी खोडे व बुंधा यांच्याकडे वळते. थंड हवामानातील गवते हा साठा मुख्यतः फ्रुक्टॅन नावाच्या शर्करा-साखळ्यांच्या रूपात करतात. पेशींतील पाण्याचे प्रमाण घटणे आणि विरघळलेल्या शर्करेचे प्रमाण वाढणे या दोन्ही बदलांमुळे पेशीरसाचा गोठणबिंदू खाली येतो, आणि झाड थंडीसाठी तयार होते. ही तयारी एका रात्रीत होत नाही. त्यासाठी हळूहळू उतरत जाणाऱ्या तापमानाचे काही आठवडे लागतात.

येथे बुंध्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण बहुतेक लोक गवत म्हणजे पाती असे समजतात. गवताचा खरा जीव जमिनीच्या पृष्ठभागाशी असलेल्या त्या लहानशा, पांढुरक्या बुंध्यात असतो. पाने, मुळे आणि नवे फुटवे तेथूनच निघतात, आणि पान टोकाकडून नव्हे तर तळाकडून वाढते. म्हणूनच वारंवार कापूनही गवत मरत नाही. बुंधा जिवंत असेल तर वरची पाने करपली तरी बिघडत नाही. बुंधा गोठून फुटला किंवा कुजला, तर कितीही खत घातले तरी ते रोप परत येत नाही. शरदातील प्रत्येक काम या बुंध्याला आणि त्याच्या मुळांना उपयोगी पडते का, एवढाच प्रश्न विचारला तरी निम्मे निर्णय सोपे होतात.

कापणी आणि गळालेली पाने

गवत वाढत आहे तोपर्यंत ते कापत राहावे. ऋतू बदलला म्हणून कापणी बंद करण्याचे कारण नाही. उंची सहा ते आठ सेंटीमीटर ठेवावी आणि एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, कारण एकदम जास्त पाने गेली तर झाड मुळांची वाढ थांबवून आधी पाने भरून काढायला लागते. शेवटच्या एकदोन कापणीत उंची पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत आणली तर बर्फाच्या प्रदेशात ते उपयोगाचे असते, कारण लांब गवत बर्फाखाली आडवे पडते आणि त्यात बुरशी माजते. परंतु हिवाळ्याआधी लॉन खरडून काढण्याची सवय मात्र वाईट. त्याने बुंधा उघडा पडतो. यंत्राचे पाते धारदार असावे. बोथट पात्याने गवत कापले जात नाही, फाटते, आणि फाटलेली टोके वाळून अख्खी लॉन दुरून राखाडी दिसते.

कापलेले गवत लॉनवरच पडू द्यावे. त्यात पाण्याचा अंश पाऊणहून अधिक असतो आणि ते लवकर कुजते. वर्षभर असे केले तर लॉनला लागणाऱ्या नत्रापैकी सुमारे एक चतुर्थांश नत्र त्यातूनच परत मिळते. कापलेल्या गवतामुळे जमिनीवर चिवट थर साचतो, हा समज चुकीचा आहे. तो थर, ज्याला थॅच म्हणतात, मुख्यतः खोडे, आडवी धावणारी खोडे आणि मुळे यांच्या लिग्निनयुक्त, सावकाश कुजणाऱ्या अवशेषांचा बनलेला असतो.

गळालेल्या पानांचे काय करावे, हा शरदातील सर्वांत कष्टाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर पुष्कळांना वाटते त्याहून सोपे आहे. अखंड पानांचा जाड, ओला थर तसाच राहिला तर गवताला प्रकाश मिळत नाही, बुंध्याशी ओल साचते आणि रोग वाढतात. म्हणजे पाने हलवली पाहिजेत हे खरे. परंतु ती दाताळ्याने ओढून, पिशव्यांत भरून बाहेर पाठवलीच पाहिजेत असे नाही. पाने कोरडी असताना त्यांच्यावरून गवत कापायचे यंत्र दोनतीनदा फिरवले, की त्यांचे नखाएवढे तुकडे होतात आणि ते पात्यांच्या मधून मातीवर उतरतात. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाने अशा प्रकारे पाने बारीक करून लॉनवर सोडण्याचे प्रयोग अनेक वर्षे केले, आणि सुमारे १५ सेंटीमीटर जाडीचा पानांचा थरही नीट बारीक केल्यास गवताचे नुकसान होत नाही, असे त्यांतून दिसले. पानांत कर्बाचे प्रमाण जास्त असल्याने ती कुजवताना सूक्ष्मजीव मातीतले थोडे नत्र तात्पुरते वापरतात, हे सैद्धांतिकदृष्ट्या बरोबर आहे. पण शरदात खत दिलेल्या लॉनवर त्याचा परिणाम जाणवण्याइतका नसतो. यंत्र फिरवल्यानंतर निम्म्याहून अधिक गवत डोळ्यांना दिसत असले, की पुरे. पाने त्याहून जास्त असतील तर जादाची पाने झाडांच्या आळ्यांत किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात घालावीत. इतके उत्तम सेंद्रिय द्रव्य पिशव्यांत बांधून घराबाहेर काढायचे आणि वसंतात पैसे देऊन दुसऱ्या पिशव्यांतून तेच विकत आणायचे, यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

घट्ट झालेली माती

चांगल्या मातीत घनफळाच्या मानाने जवळजवळ निम्मा भाग घन कणांचा आणि निम्मा पोकळीचा असतो. त्या पोकळीत साधारण अर्धे पाणी आणि अर्धी हवा असते. लोकांचे चालणे, मुलांचे खेळणे, यंत्राची चाके यांनी ही पोकळी दाबली जाते. प्रथम मोठी छिद्रे नाहीशी होतात, आणि हवा व निचरा त्यांच्यावरच अवलंबून असतो. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही तर ती वरच्या दोनतीन सेंटीमीटरांतच घुटमळत राहतात. माती ओलसर असताना एक लांब स्क्रू-ड्रायव्हर तिच्यात दाबून पाहावा. तो हाताच्या साध्या जोराने दहा-बारा सेंटीमीटर आत गेला तर काही करण्याची आवश्यकता नाही. गेला नाही, तर छिद्रे पाडण्याचे काम हाती घ्यावे.

यासाठी पोकळ नळ्यांचे यंत्र वापरावे. ते एक ते दोन सेंटीमीटर जाडीच्या आणि पाच ते आठ सेंटीमीटर लांबीच्या मातीच्या कांड्या उपसून बाहेर टाकते, त्यामुळे उरलेल्या मातीला पसरायला जागा मिळते. नुसते भरीव खिळे टोचणारी साधने किंवा खिळ्यांचे बूट माती बाहेर काढत नाहीत, ती बाजूला दाबतात. चिकणमातीत त्याने फायदा थोडा आणि छिद्राच्या कडा घट्ट होण्याचा धोका अधिक. माती अगदी कोरडी असेल तर नळ्या आत जात नाहीत, चिखल असेल तर भोकांच्या भिंती लिंपल्या जातात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, त्या अवस्थेत हे काम करावे. दोन भोकांतले अंतर पाच ते दहा सेंटीमीटर पडेपर्यंत यंत्र आडवे-उभे फिरवावे आणि बाहेर पडलेल्या कांड्या तेथेच राहू द्याव्यात. त्या पावसाने आणि कापणीने फुटून विखुरतात, आणि त्यांतील सूक्ष्मजीव थॅचच्या थरावर पडून तो कुजवायला मदत करतात. त्यानंतर अर्धा सेंटीमीटर जाडीचे चाळलेले कंपोस्ट पसरले तर ते थेट भोकांत उतरते. चिकणमाती हलकी करण्यासाठी थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला मात्र कृपया मानू नये. अपुऱ्या प्रमाणातील वाळूच्या कणांभोवती चिकणमाती बसते आणि मिश्रण पूर्वीपेक्षा कठीण होऊ शकते.

थॅच सव्वा सेंटीमीटरहून जाड असेल तरच तो उपसून काढण्याचा विचार करावा. त्याहून पातळ थर उपकारक असतो, कारण तो मातीचे तापमान स्थिर ठेवतो आणि पायांचा दाब थोडा झेलतो.

विरळ जागी बी टाकणे

बी पेरण्यास शरद योग्य ठरतो तो तीन कारणांनी: माती उबदार असल्याने उगवण लवकर होते, हवा थंड असल्याने कोवळी रोपे करपत नाहीत, आणि उन्हाळी तणांचा हंगाम संपत आलेला असल्याने स्पर्धा कमी असते. वसंतात पेरलेल्या रोपांना काही आठवड्यांतच उन्हाळ्याला तोंड द्यावे लागते आणि तणेही त्यांच्याबरोबरच उगवतात. पहिले गोठणारे दव पडण्याच्या किमान सहा आठवडे आधी पेरणी पूर्ण व्हावी. मातीचे तापमान १० ते १८ अंशांच्या दरम्यान असेल तर उगवण चांगली होते. रायग्रास पाच ते दहा दिवसांत, टॉल फेस्क्यू एक ते दोन आठवड्यांत आणि केंटकी ब्लूग्रास दोन ते चार आठवड्यांत उगवते. मिश्र बियाणे पेरले असता आठवड्याभरात हिरवे दिसणारे ते बहुतेक रायग्रास असते; ब्लूग्रास अजून मातीतच असते, म्हणून त्या वेळी पाणी थांबवणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

बियाण्याचे प्रमाण जातीनुसार फार बदलते. ब्लूग्रासच्या एका ग्रॅममध्ये सुमारे तीन हजार बिया असतात, टॉल फेस्क्यूच्या एका ग्रॅममध्ये सुमारे पाचशे. म्हणून नव्या जागेसाठी ब्लूग्रास दर चौरस मीटरला १० ते १५ ग्रॅम पुरते, तर टॉल फेस्क्यूला ३५ ग्रॅमपर्यंत लागते. असलेल्या लॉनमध्ये भर घालण्यासाठी याच्या निम्मे पुरेसे होते. जास्त बी टाकल्याने लॉन दाट होत नाही, दाटीतली रोपे एकमेकांचा प्रकाश अडवून अशक्त राहतात. झाडाखालच्या सावलीत बारीक पानांचे फेस्क्यू निवडावे, कारण तेथे ब्लूग्रास पुन्हा पुन्हा पेरले तरी टिकत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बी आणि माती यांच्या स्पर्शाचा आहे. उभ्या गवतावर भिरकावलेले बी पात्यांत अडकते, वाळते किंवा पक्ष्यांच्या पोटात जाते. आधी गवत थोडे आखूड कापावे, दाताळ्याने जमीन ओरखडावी किंवा वर सांगितलेली भोके पाडून घ्यावीत, मग बी टाकून हलकेच दाताळे फिरवावे आणि वरून चालून किंवा हलका रूळ फिरवून ते दाबावे. बी अर्ध्या सेंटीमीटरहून खोल जाऊ नये. उगवेपर्यंत मातीचा वरचा थर सतत ओलसर राहील इतके थोडे थोडे पाणी दिवसातून एकदोनदा द्यावे. रोपे उभी राहिल्यावर पाण्याची पाळी लांबवत न्यावी आणि प्रत्येक वेळचे पाणी वाढवावे, म्हणजे मुळे ओल शोधत खाली जातात.

एक सावधगिरी आवश्यक आहे. उगवणपूर्व तणनाशक, म्हणजे तण उगवण्याआधीच ते रोखणारे रसायन, आणि बियाणे एकत्र नांदू शकत नाहीत. ते रसायन तणाच्या बीमध्ये आणि आपण विकत आणलेल्या बीमध्ये भेद करत नाही.

खत: किती आणि केव्हा

या विषयावर जितके गैरसमज आहेत तितके लॉनच्या दुसऱ्या कोणत्याही बाबतीत नसतील. खताच्या पिशवीवरील तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे शेकडा प्रमाण सांगतात. लॉनला शरदात मुख्यतः नत्र हवे असते आणि एका वेळची नेहमीची मात्रा दर चौरस मीटरला पाच ग्रॅम नत्र अशी आहे. पिशवीवर २०-५-१० असे लिहिले असेल, तर पाच ग्रॅम नत्रासाठी २५ ग्रॅम खत लागेल, म्हणजे २०० चौरस मीटरच्या लॉनला पाच किलो. त्यातील निम्मे एका दिशेने आणि निम्मे काटकोनात फेकले, तर हिरवे-पिवळे पट्टे पडत नाहीत.

ही मात्रा शरदाच्या आरंभी, उन्हाचा ताप ओसरून गवत पुन्हा जोमाने वाढू लागले असताना द्यावी. पुढे चार ते सहा आठवड्यांनी, गवत अजून कापावे लागत आहे तोवर, हवी तर तिच्या निम्मी मात्रा पुन्हा द्यावी. पानांची वाढ पूर्ण थांबल्यानंतर, हिवाळ्याच्या तोंडावर मोठी मात्रा द्यावी असा सल्ला अनेक वर्षे प्रचारात होता, आणि खताच्या पिशव्यांवर तो अजूनही छापलेला आढळतो. पुढील संशोधनात मात्र असे दिसले, की माती थंड होत जाते तशी मुळांची नत्र शोषण्याची गती झपाट्याने घटते. न शोषलेले नत्र नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली झिरपते, कारण मातीच्या कणांवरचा भार ऋण असतो, नायट्रेटवरचाही ऋणच असतो, आणि माती त्याला धरून ठेवू शकत नाही. वालुकामय जमिनीत तर ते सरळ भूजलात उतरते. उशिरा दिलेल्या भरमसाट नत्राचा आणखी एक तोटा असा, की गवत कोवळी, पाणीदार पाने काढत राहते आणि थंडीसाठी जी तयारी व्हायची ती लांबते.

स्फुरदाविषयी अधिक जपून वागावे लागते. ते मुळांच्या प्रारंभिक वाढीला आवश्यक आहे, पण जुन्या लॉनच्या मातीत ते बहुधा पुरेसे असते आणि जादा स्फुरद पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यांत जाऊन शेवाळ माजवते. याच कारणाने अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २००५ पासून राज्यभर लॉनवर स्फुरदयुक्त खत घालण्यावर निर्बंध आणले. नवी लॉन लावणे किंवा चाचणीत स्फुरदाची कमतरता आढळणे, अशा कारणांसाठीच तेथे सवलत आहे. कायदा असो वा नसो, तर्क सर्वत्र लागू पडतो. पालाश थंडी सोसण्याची शक्ती वाढवते म्हणून ‘हिवाळी खत’ या नावाने पालाशयुक्त खते विकली जातात. मातीत पालाश कमी असेल तर त्याचा उपयोग आहे. पुरेसे असताना अधिक घातल्याने शक्ती वाढत नाही, उलट काही चाचण्यांत बर्फाखालच्या बुरशीचे प्रमाण वाढलेले आढळले आहे.

या सर्व अनिश्चिततेवर एकच उपाय आहे, तो म्हणजे माती परीक्षण. लॉनच्या दहा-पंधरा ठिकाणांहून सुमारे दहा सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घेऊन, एकत्र करून, त्यातला नमुना प्रयोगशाळेत द्यावा. तीन वर्षांतून एकदा पुरते. सामू, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा पीएच, सहा ते सात या दरम्यान असावा. तो बराच कमी असेल तर चुना घालण्यास शरद योग्य, कारण चुन्याची क्रिया पूर्ण व्हायला काही महिने लागतात आणि हिवाळ्यातील पाऊस व गोठणे-वितळणे यांनी तो मातीत मुरतो. परीक्षण न करता दरवर्षी चुना टाकणे मात्र टाळावे, कारण सामू वाजवीपेक्षा वर गेला तर लोह गवताला मिळेनासे होते आणि ते पिवळे पडते.

तणे, हुमणी आणि पाणी

सिंहपर्णीसारखी रुंद पानांची बहुवर्षायू तणे शरदात गवताप्रमाणेच शर्करा मुळांकडे पाठवत असतात. या काळात पानांवर पडलेले आंतरप्रवाही, म्हणजे रोपाच्या आत शोषले जाऊन पसरणारे, तणनाशक त्याच प्रवाहाबरोबर मुळापर्यंत पोचते, त्यामुळे वसंतापेक्षा शरदातील फवारणी अधिक परिणामकारक ठरते. चार-दोन रोपांसाठी फवारणी करू नये. पावसानंतर खुरप्याने मुळासकट काढणे अधिक चांगले. नव्याने पेरलेल्या गवतावर तीन-चार कापण्या होईपर्यंत तणनाशक वापरू नये.

लॉनचे तपकिरी पडलेले ठिगळ हाताने उचलले असता चटईसारखे सुटून आले, तर खाली हुमणी आहे असे समजावे. भुंगेऱ्यांच्या या पांढऱ्या, अर्धवर्तुळाकार अळ्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून मुळे खातात आणि थंडी वाढली की खोल उतरतात. एका वीतभर चौकोनात एखाददुसरी अळी सापडल्यास निरोगी लॉन ती सहन करते.

पाऊस नसेल तर आठवड्याला एकूण अडीच सेंटीमीटर पाणी पुरे. लॉनवर दोनचार रिकामे डबे ठेवले की किती पाणी पडले ते मोजता येते. पाणी पहाटे किंवा सकाळी द्यावे, म्हणजे पाने रात्रभर ओली राहत नाहीत.

उष्ण हवामानातील गवतासाठी

हरळी, झॉयसिया आणि सेंट ऑगस्टीन यांच्या लॉनमध्ये जवळजवळ उलट वागावे लागते. पहिल्या गोठणाऱ्या दवाच्या सहा ते आठ आठवडे आधी नत्र थांबवावे, कारण उशिरा आलेली कोवळी वाढ थंडीने आधी मरते. छिद्रे पाडणे आणि थॅच काढणे ही कामे वसंताच्या उत्तरार्धात किंवा उन्हाळ्यात, गवत जखमा भरून काढू शकेल अशा वेळी करावीत. शरदात कापणीची उंची थोडी वाढवावी. जास्त पाने म्हणजे जास्त साठा आणि बुंध्यावर थोडे अधिक आच्छादन. हिवाळ्यातही हिरवे दिसावे म्हणून सुप्त हरळीत रायग्रास पेरण्याची पद्धत आहे. ती देखणी असते, पण वसंतात रायग्रास लवकर हटत नाही आणि जागी होणाऱ्या हरळीचा प्रकाश व पाणी अडवते, त्यामुळे अशक्त लॉनवर हा प्रयोग करू नये. जेथे हिवाळ्यातही गवत सुप्त होत नाही, अशा प्रदेशांत शरदातील वेगळी कामे फारशी नसतातच.

दव गोठू लागल्यावर

गोठलेल्या दवाने पांढऱ्या झालेल्या गवतावरून चालू नये. गोठून ठिसूळ झालेली पाने पायाखाली मोडतात, पेशी फुटतात आणि दव वितळल्यावर त्या पावलांचे तपकिरी ठसे उमटतात. पाण्याचे नळ जमिनीखालून नेले असतील तर ते गोठण्याआधी रिकामे करावेत. वाटेवरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ वापरत असल्यास मिठाळ बर्फ लॉनवर लोटू नये. बर्फाखाली वाढणाऱ्या बुरशीचे करडा आणि गुलाबी असे दोन प्रकार आहेत. करड्या बुरशीला लांबलचक काळ टिकणारे बर्फाचे आच्छादन लागते, गुलाबीला नुसता गारठा आणि ओल पुरते. म्हणून बर्फाचे ढीग नेहमी एकाच कोपऱ्यात रचू नयेत, नाहीतर त्या जागी बर्फ सर्वांत शेवटी वितळतो आणि बुरशीला सर्वांत जास्त काळ मिळतो.

पेरणीची वेळ हुकली असेल तर अर्धवट उशिरा पेरणे सर्वांत वाईट, कारण बी उगवते आणि कोवळी रोपे पहिल्याच थंडीत मरतात. त्याऐवजी मातीचे तापमान पाच अंशांखाली स्थिरावेपर्यंत थांबावे आणि मग बी टाकावे. इतक्या थंड मातीत ते उगवत नाही. गोठण्या-वितळण्याने मातीला पडणाऱ्या भेगांत ते आपोआप बसते आणि वसंतात माती तापली की उगवते. काही बी हिवाळ्यात वाया जाते, म्हणून ते नेहमीपेक्षा थोडे जास्त घ्यावे. उघड्या पडलेल्या जागांसाठी ही पद्धत चांगली, उतारावर मात्र नको, कारण बर्फाच्या पाण्याबरोबर बी वाहून जाते. आणि असे बी टाकले असेल, त्या जागी येत्या वसंतात उगवणपूर्व तणनाशक घालता येणार नाही.